वाचकांचे प्रश्न : मेटल डिटेक्टर, हिरवळ आणि ओली वाळू

बागेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर छंद म्हणून मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कोरड्या वाळूत माझे यंत्र शांत असते. पाण्याच्या कडेला ओल्या वाळूत गेलो की सारखे वाजते. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर : नाही. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. म्हणून त्या पाण्याने भिजलेली वाळू यंत्राला धातूच्या पातळ, पसरट पत्र्यासारखी भासते. तुमचे यंत्र बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या) जातीचे असावे. त्यात हा त्रास ठरलेलाच.

आधी ओल्या वाळूवरच ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल यंत्राने सोडून द्यावा अशी जुळणी, नव्याने करा. खाली धातू नाही अशी जागा पाहून कॉइल (यंत्राची खालची चकती) जमिनीलगतपासून वीतभर उंचीपर्यंत पाच-सहा वेळा सरळ वर-खाली करा. कोरड्या वाळूवर केलेला बॅलन्स इथे चालत नाही. यंत्रात बीच मोड (किनाऱ्यासाठीची सेटिंग) असेल तर तो लावा. मग सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) एकेक पायरी उतरवत जा आणि आवाज थांबेल तिथे सोडा. गोंगाटात चांगला सिग्नल बुडून जातो, त्यामुळे थोडी खोली गमावलेली परवडते. शेवटची गोष्ट चालण्याची. पाण्याकडे आणि परत असे न चालता पाण्याच्या रेषेला समांतर चाला. ओलावा सारखा बदलत राहिला की यंत्र पुन्हा बिथरते.

एवढ्यानेही भागले नाही तर दोनच पर्याय उरतात. एक, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारे यंत्र. दुसरा, पल्स इंडक्शन. पल्स इंडक्शनचे यंत्र विजेचा छोटा झटका सोडते, क्षणभर थांबते आणि मगच ऐकते. मिठाच्या पाण्यातला प्रवाह तोवर विरून गेलेला असतो, धातूतला मात्र टिकून असतो. म्हणून ते ओल्या आणि काळ्या, लोहयुक्त वाळूतही खोलवर चालते. पण लोखंड कोणते आणि सोने कोणते हे त्याला फारसे ओळखता येत नाही; वाजेल ते सगळे खणावे लागते.

प्रश्न : बागेत डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या आणि वर्खाचे तुकडेच फार निघतात. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळण्याची सोय) वाढवून ते बंद करावेत का?

उत्तर : सोन्याच्या आशेने फिरत असाल तर मुळीच करू नका. यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या तुकड्यात प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद किती उशिराने येतो ते यंत्र मोजते आणि पडद्यावर आकड्यात दाखवते. हा उशीर धातूच्या वाहकतेवर जसा अवलंबून असतो, तसाच तुकड्याच्या आकारावर आणि जाडीवरही. पडद्यावरचा आकडा धातूचे नाव सांगत नाही, हे इथे पक्के लक्षात ठेवायला हवे. लहान, नाजूक सोन्याची अंगठी वर्खाच्या आकड्यावर येते. जाडसर अंगठी ॲल्युमिनियमच्या कडीच्या आकड्यावर. कड्या बंद केल्या म्हणजे अंगठ्याही बंद झाल्या. साखळीचे हाल याहून वाईट. तिची प्रत्येक कडी यंत्राला सुटीसुटी दिसते, त्यामुळे पूर्ण साखळीचा सिग्नल क्षीण येतो आणि पुष्कळदा वाजते ते फक्त तिचे फासे किंवा पदक.

सुरुवातीला फक्त लोखंड बंद ठेवा. जुनी, चांदीची नाणी शोधायची असतील आणि बागेत कचरा फार असेल, तर मधले आकडे सोडून केवळ वरचे आकडे खणायला हरकत नाही. फक्त अंगठी हुकेल हे कबूल करून तसे करा.

बाटल्यांची पत्र्याची बुचे लोखंडी असूनही नाण्यासारखी गोड वाजतात. डीडी कॉइल (आत इंग्रजी डी-आकाराची दोन वेटोळी असलेली) असेल तर सिग्नलवरून कॉइल हळूहळू मागे ओढा. कॉइलचे पुढचे टोक त्या जागेवर आले की बुचाचा आवाज घोगरा होतो, लोखंडासारखा. नाणे शेवटपर्यंत गोडच वाजते.

प्रश्न : सिग्नल स्पष्ट येतो, खणले की गायब होतो. असे का?

उत्तर : याची कारणे पुष्कळ आहेत. सगळ्यात नेहमीचे म्हणजे वस्तू बाहेर काढलेल्या मातीतच असते, किंवा खड्ड्याच्या कडेत रुतलेली असते आणि आपण तळच खणत बसतो. म्हणून दर वेळी आधी खड्डा, मग माती, अशी दोन्हींवरून कॉइल फिरवा. स्कूप आणि खुरपे किमान दोन पावले लांब ठेवा, नाहीतर यंत्र त्यांनाच दाखवत राहते.

दुसरे कारण, नाणे खणताना फिरून उभे राहते. आडव्या नाण्याचा सिग्नल जोरकस असतो, उभ्याचा बराच कमी. ते आणखी खाली घसरले तर मग विचारायलाच नको. छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो, म्हणजे खोली दुप्पट झाली की सिग्नल चौसष्टपट क्षीण.

तिसरे कारण गंजाचे. वर्षानुवर्षे पुरलेल्या लोखंडाचा गंज आजूबाजूच्या मातीत उतरतो आणि वस्तू आहे त्याहून मोठी भासते. माती हलली की तो थर मोडतो आणि सिग्नल विरतो. खणण्यापूर्वी नव्वद अंशांत वळून त्याच जागेवरून कॉइल फिरवण्याची सवय लावा. दोन्ही दिशांनी आकडा स्थिर राहिला तर खणा. एका बाजूने वाजून दुसऱ्या बाजूने तुटत असेल, तर बहुतेक वेळा तो वाकडा खिळा असतो.

प्रश्न : हिरवळ खराब न करता कसे खणावे?

उत्तर : परवानगी आधी. बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची, शक्यतो लेखी. संरक्षित वास्तू आणि पुरातत्त्वाच्या जागांपासून दूरच राहा. तिथे वस्तूपेक्षा ती कोणत्या थरात, कशाशेजारी पडली होती ही माहिती मोलाची असते, आणि ती एकदा विस्कटली की परत मिळत नाही.

आता खणणे. आडवी आणि उभी अशा दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवून नेमका बिंदू पक्का करा. वस्तू चार-पाच सेंटीमीटरवर असेल तर गवतासकट मातीची ढेप काढायची गरजच नाही. पितळी किंवा प्लास्टिकच्या बोथट सळईने चाचपा, माती थोडी फाकवा आणि वस्तू वर उचला. त्याहून खोल असेल तर धारदार, अरुंद खुरप्याने तीन बाजू कापा आणि चौथी तशीच राहू द्या, वहीचे पान उलटावे तशी. ढेप हाताच्या पंजाएवढी रुंद आणि 8 ते 10 सेंटीमीटर जाड हवी. पातळ ढेपेची मुळे तुटतात आणि आठवड्यात गवत पिवळे पडते. सुटी माती गवतावर टाकू नका, कापडावर घ्या. पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या शोधकाने) वस्तू काढली की खड्डा पुन्हा एकदा तपासा, कारण एकाखाली दुसरी वस्तू असते. मग कापडावरची सगळी माती आत लोटा, ढेप मिटवा, पायाने दाबा. जवळ पाणी असेल तर थोडे घाला. कडक उन्हाळ्यात जमीन वाळून तडकलेली असेल तेव्हा ढेप कापूच नये. कितीही नीट बसवली तरी ती जगत नाही.

झालेले काम उभ्याने पाहिल्यावर खड्डा कुठे होता ते तुम्हालाच ओळखता येऊ नये.

प्रश्न : किनाऱ्यावर कधी आणि कुठे शोधावे?

उत्तर : ओहोटी पूर्ण होण्याच्या आधी दोन तास सुरू करा आणि पाण्यामागोमाग खाली उतरत जा. दोन ओहोट्यांत साधारण 12 तास 25 मिनिटे जातात, त्यामुळे वेळ रोज पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे हटते आणि एरवी न दिसणारी वाळू उघडी पडते.

जागा निवडताना वाळू बघायला शिका. वादळानंतर लाटांनी वाळू खरवडून नेलेली असते, कधीकधी हातभर उंचीची कड उभी राहते. त्या कडेच्या पायथ्याशी आणि जिथे टणक थर किंवा गोटे उघडे पडले आहेत तिथे वेळ घाला. जड वस्तू सैल वाळूतून उतरून या थरावर थांबतात. शिसे, मोठी नाणी एकाच पट्ट्यात मिळू लागली तर तो पट्टा सोडू नका; सोनेही जड असते, लाटा त्याची वर्गवारी तशीच करतात.

प्रश्न : मैत्रिणीची अंगठी कोरड्या वाळूत पडली. जागा अंदाजाने माहीत आहे. कशी शोधू?

उत्तर : सर्वप्रथम लोकांनी हातांनी वाळू उपसणे थांबवा, त्याने अंगठी आणखी खाली जाते. अंदाजाच्या दुप्पट जागेवर दोरीने एक-एक मीटरचे पट्टे आखा. कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून, हळू फिरवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी यायला हवी. हात शेवटाला वर जाऊ देऊ नका. एक दिशा संपली की त्याच जागेवर आडव्या पट्ट्यांनी पुन्हा. डिस्क्रिमिनेशन शून्यावर ठेवा आणि तशीच दुसरी अंगठी वाळूत पुरून तिचा आवाज आधी ऐकून घ्या.

प्रश्न : घरात यंत्र तपासले तर सतत वाजते.

उत्तर : फरशीखालच्या सळया, वायरिंग, खिशातला मोबाइल. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधताना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या यंत्रालाही गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी चकवले होते. तपासणी मोकळ्या मैदानात करा.

प्रश्न : निघालेली नाणी कशी साफ करावीत?

उत्तर : चालू नाणी पाण्यात बारीक खडीसह फिरवून स्वच्छ निघतात. तांब्याची आणि पांढरी वेगवेगळी फिरवा, नाहीतर पांढरी गुलाबी पडतात. जुने नाणे मात्र घासू नका. नळाखाली धरून माती जाऊ द्या, तेवढेच. त्यावरचा हिरवा-तपकिरी थर काढला की किंमतही जाते आणि तपशीलही.

प्रश्न : जड, लांबट, गंजलेली नळी लागली तर?

उत्तर : ती जुना तोफगोळाही असू शकते. तिला हलवू नका, वर माती टाकू नका, यंत्र बाजूला घ्या. जागेवर दुरून दिसेल अशी खूण करा, लोकांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा.