पिवळा धोत्रा दरवर्षी का उगवतो?

प्रश्न : हरभऱ्यात आणि बांधावर काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा धोत्रा माजला आहे. दरवर्षी उपटतो, तरी पुढच्या हिवाळ्यात तेवढाच येतो. काय चुकतं?

उत्तर : वेळ चुकते. बहुतेक जण फुलं दिसल्यावर खुरपं हाती घेतात, तोवर खालची बोंडं भरलेली असतात. एकेका बोंडात शेकडो बिया. बोंड टोकाकडून तडकलं की बी सांडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून थोडं-थोडं उगवत राहतं. तेव्हा एका हंगामात सुटका नाही.

रोप चार-पाच पानांचं, जमिनीसरशी पसरलेलं असतानाच काढा; हिरव्या पानावरच्या पांढुरक्या शिरांनी ते चटकन ओळखू येतं. वाफशावर ओढा. सोटमूळ असल्यानं कोरड्या जमिनीत ते वरच तुटतं आणि बुडख्यातून पुन्हा फूट येते. बोंडं धरली असतील तर आधी ती कापून गोणीत भरा, मग झाड उपटा. बोंडं उकिरड्यावर टाकू नका, बी शेणखतातून परत शेतात येईल. पाटाच्या कडाही साफ ठेवा, कारण बी पाण्याबरोबर वाहतं.

गव्हात २,४-डी हे तणनाशक चालतं, तेही रोपं लहान असतानाच. हरभऱ्यात मात्र ते मुळीच नको, पीकच जाईल. शेजारी द्राक्ष किंवा टोमॅटो असेल तर वाऱ्यावर उडालेला फवाराही नुकसान करतो.

प्रश्न : याचं बी मोहरीत मिसळलेलं कसं ओळखावं?

उत्तर : मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो. धोत्र्याचा काळा, खरखरीत, भिंगातून पाहिलं तर जाळीदार. दाणा चिरडा : मोहरी आतून पिवळी, धोत्रा पांढरा. ही तपासणी टाळू नका. या बियांच्या तेलात सँग्विनरीन हे विष असतं. पायांना सूज, धाप, पुढे हृदय निकामी होणं आणि काचबिंदू असा त्याचा परिणाम. 1998 साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलानं साठाहून अधिक माणसं दगावली. तेलाचा संशय आला तर ते वापरणं थांबवा आणि नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. नायट्रिक आम्लाची चाचणी प्रयोगशाळेचं काम आहे, स्वयंपाकघरातलं नव्हे.

प्रश्न : डोळे आल्यावर याचा पिवळा चीक घालतात. घालावा का?

उत्तर : नाही. उपटतानाही हातमोजे घाला आणि चिकाचा हात डोळ्याला लावू नका.