विषाणू पेशीला चिकटला की आत शिरला?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवी वर्गात शिकते. एचआयव्ही पेशीत शिरल्याचे प्रयोगशाळेत पेशी चमकल्यावरून ओळखतात, असे आम्हाला तासाला सांगण्यात आले. चमक दिसली नाही, तर विषाणू बाहेरच राहिला असे खात्रीने म्हणता येते का? या कामासाठी जिवंत विषाणू हाताळावा लागतो का?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही, तसे म्हणता येत नाही. खासबागेच्या मैदानात खडाखडी झाली म्हणून कुस्ती निकाली झाली, असे कोल्हापुरात तरी कोणी मानणार नाही. विषाणूचेही तसेच आहे. त्याच्या आवरणावरील जीपी१२० हे प्रथिन पेशीवरील सीडी४ या ग्राहीला (विषाणू जिला पकडतो त्या पेशीवरील प्रथिनाला) धरते (ही ग्राही 1984 मध्ये ओळखली गेली), मग आकार बदलून सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या सहग्राहीला भिडते, आणि त्यानंतरच आवरणावरीलच जीपी४१ हे दुसरे प्रथिन पेशीपटलात रुतून दोन्ही पटले एकजीव करते. सहग्राहींचा उलगडा 1996 मध्ये झाला.

चमकीच्या चाचणीत बहुधा टीझेडएम-बीएल नावाच्या पेशी वापरतात. त्यांच्यात ल्युसिफरेज या प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक आधीच बसवलेले असते. पण ते जागे होते विषाणूच्या टॅट प्रथिनामुळे, आणि टॅट तयार होण्यासाठी विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनून तो पेशीच्या जनुकसंचात जोडला जावा लागतो. म्हणजे प्रवेशानंतरच्या बऱ्याच पायऱ्या पार पडल्यावर हा प्रकाश दिसतो. झिडोव्हुडिन हे औषध प्रवेशाला मुळीच अडवत नाही, आरएनएपासून डीएनए बनणे तेवढे रोखते; तरीही ते घातल्यास पेशी अंधारातच राहतात. म्हणून जोडीला तोच गाभा (विषाणूचा आवरणाआतला भाग), पण व्हीएसव्ही या दुसऱ्या विषाणूचे आवरण प्रथिन असलेला कण वापरतात. एखाद्या द्रव्याने त्याचीही चमक गेली, तर अडथळा एचआयव्हीच्या आवरणाशी नाही हे उघड होते.

प्रवेशच नेमका मोजायचा असेल, तर माझ्या मते सर्वांत सुबक युक्ती म्हणजे विषाणूच्या व्हीपीआर प्रथिनाला बीटा-लॅक्टमेज हे विकर जोडणे. पेशींत आधी एक रंगद्रव्य भरलेले असते आणि ते हिरवे चकाकते. विषाणूचा गाभा पेशीद्रवात उतरला की विकर त्या रंगद्रव्याचे तुकडे करते आणि चकाकी निळी होते. नुसता बाहेर चिकटलेला किंवा पेशीने पिशवीत गिळलेला, पण पटल न ओलांडलेला विषाणू हा बदल घडवू शकत नाही. याउलट पेशी धुऊन त्यांतील पी२४ हे विषाणूच्या गाभ्याचे प्रथिन मोजले, तर चिकटलेला, गिळलेला आणि खरोखर शिरलेला असे तिन्ही विषाणू एकाच हिशेबात येतात.

प्रवेश कोणत्या पायरीवर थांबला, हे मात्र औषधेच सांगतात : मॅराव्हिरॉक सीसीआर५ ची जागा अडवते, तर एन्फुव्हिरटाइड जीपी४१ ची घडी पूर्ण होऊ देत नाही.

जिवंत विषाणू प्रत्येक वेळी लागत नाही. आवरणाचे जनुक मोडलेला गाभा आणि वेगळ्या प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या वर्तुळावर) दिलेले आवरणाचे जनुक यांतून तयार केलेला छद्मविषाणू एकदाच पेशीत शिरतो, पुढची पिढी निर्माण करू शकत नाही. तरीही तो जैवसुरक्षा पातळी दोनच्या कपाटातच हाताळतात. जिवंत विषाणू वाढवायचा असेल, तर पातळी तीनची व्यवस्था हवी, आणि ती पदवीच्या प्रयोगशाळेत नसते.