वाचकांचे प्रश्न : हॅमॉकला जाळी कोणती?

प्रश्न : गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आम्ही हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी) टांगून मुक्काम करतो. घरची मच्छरदाणी वरून टाकली, तरी डास पाठीला चावतात आणि चिलटं आत शिरतात. सॅकचं वजनही वाढवायचं नाही. काय करावं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : झोपल्यावर हॅमॉकचं पातळ कापड पाठीला ताणून बसतं आणि डासाची सोंड त्यातून आरपार जाते. बाळाच्या झोळीवर टाकतात तशी जाळी इथे अर्धंच काम करते. ती खालूनही बंद होणारी हवी, आणि तशी घरीच शिवता येते.

चिलटांचा प्रश्न भोकांचा आहे. पट्टी ठेवून मोजा. साध्या मच्छरदाणीला इंचाला 12-13 भोकं असतात. त्यात डास अडतो, चिलटं आणि वाळूमाशी निघून जातात. इंचाला 25 भोकांची बारीक जाळी घ्या. वारा थोडा कमी लागेल, त्याला इलाज नाही. लेहंग्याचं नेट स्वस्त पडतं, पण करवंदीच्या जाळीत एकदा अडकलं की संपलं.

दुकानदाराच्या ‘एकदम हलकी’वर जाऊ नका, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, ते विचारा. सव्वातीन मीटरच्या हॅमॉकला वरून दोन टोकं जोडणारी दोरी साधारण पावणेतीन मीटरची लागते, जाळी तिच्यावरच लटकते. त्या मापाला दीड मीटर पन्ह्याचे, तीन-तीन मीटरचे दोन तुकडे पुरतात, म्हणजे 9 चौरस मीटर. 30 जीएसएममध्ये ही जाळी 270 ग्रॅम भरते, 17 जीएसएममध्ये सुमारे 155. पहिली जाळी 30चीच घ्या. वाचणारे 115 ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी, आणि 17ची जाळी नखानेही फाटते. रंग काळा. पांढरी जाळी बॅटरीच्या उजेडात चमकते आणि बाहेरचं काही दिसत नाही.

दोन्ही तुकडे लांबीच्या बाजूने जोडा, ही शिवण वरच्या दोरीवर बसेल. दोन्ही टोकं शिवून बंद करा, पण हॅमॉकची टोकं बाहेर काढायला वर बोटभर लांबीची फट ठेवा. टांगल्यावर ती दोरीने आवळायची, नाहीतर डास नेमके तिथूनच येतात. खालच्या कडेला दोन सेंटिमीटरचा नेफा करून त्यात बारीक नाडी आणि ती घट्ट धरणारं लॉक घाला. खालून आत शिरायचं आणि नाडी ओढायची. चेन लावू नका. वजन वाढतं, आणि अंधारात जाळी तिच्यात अडकून फाटते ती वेगळीच. सुई 11 नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. जाळी मशीनखाली सरकते, म्हणून खाली वर्तमानपत्राचा कागद घेऊन शिवा, मग तो फाडून काढा.

कापण्याआधी मात्र हॅमॉकमध्ये तिरकं झोपून कोणाला तरी माप घ्यायला सांगा. पाय बाजूला सरकले की तिथे जाळी ताणली जाते, आणि पाय जाळीला टेकला की डास बाहेरूनच चावतो.

प्रश्न : हॅमॉकवर परमेथ्रिन (कीटकनाशक) मारलं तर चालेल?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : चालेल, पण कपड्यांसाठी मिळणारं 0.5 टक्क्याचंच, आणि फक्त हॅमॉकच्या खालच्या बाजूला. शेतीचं औषध वापरू नका. फवारणी घरी, मोकळ्या हवेत करा आणि पूर्ण वाळल्यावरच घडी घाला. ओलं असताना मांजर जवळ येऊ देऊ नका, तिला ते विषारी. माशांनाही, म्हणून धरणाच्या काठावर बाटली उघडायचीच नाही.