सोसायटीत घर घेतेस, तर सभेला बसायची तयारी ठेव

प्रिय बाय,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सोबत पाठवलेला वहीच्या पानाचा फोटोपण नीट मोठा करून बघितला. एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. लिफ्ट, वॉचमन, शेजार, मार्केट जवळ हे इकडे, आणि मेंटेनन्स, नियम, पार्किंगची भांडणं, "लोकांची कटकट" हे तिकडे. बाबा म्हणतायत गावात वाडीत घर बांध, भाऊ त्या गेटेड प्लॉटिंगची चकचकीत चित्रं पाठवतोय, आणि तुला रत्नागिरीतला तो रिसेलचा टू बीएचके मनापासून आवडलाय पण सेक्रेटरीने हातात ठेवलेली नियमांची यादी वाचून तुझं अवसान गळालंय. तू हुशार आहेस, नोकरी करतेस, कर्ज फेडशील, ते सगळं मला माहितीये, त्यावर मी काही लिहीत नाही.

मला राग आला तो एवढ्याचाच की तुझ्या त्या पानावर सभा हा शब्द कुठेच नाही. अगं, त्या पानावरची निम्मी कलमं सभेत ठरतात. मेंटेनन्स किती, लिफ्ट कधी बदलायची, गच्ची कोण वापरणार, टँकर कधी मागवायचा, सगळं सभेत. सोसायटीत घर घेणं म्हणजे सभेला बसणं. ते जमणार नसेल तर सरळ भाड्याने रहा, पैसे पण वाचतील.

आमच्या इमारतीतली एक गोष्ट सांगतो. एका वर्षी ठराव झाला की गच्चीवर काहीही वाळत घालायचं नाही. कारण काय, तर सुक्या मासळीचा वास येतो. आता कोकणात एप्रिल-मे मध्ये गच्चीवर काय काय असतं ते तुला सांगायला नको, आमसुलं, आंबोशी, फणसाची साटं, पापड-कुरडया, आणि हो, सोडे आणि बांगडे पण. वरच्या मजल्यावरच्या एक वहिनी वर्षभराची आमसुलं घरी करतात, साली रसात बुडवायच्या, वाळवायच्या, परत बुडवायच्या, आठवडाभर चालतं ते काम. ठराव कळल्यावर त्या जिन्यात उभं राहून तासभर बोलल्या, बाकीच्या बायका पण बोलल्या, ग्रुपवर तर दोन दिवस नुसता धुरळा. मी सेक्रेटरीकडे जाऊन इतिवृत्ताची वही उघडली. सभेला सात-आठ जण हजर, त्यातले तीन कमिटीचे. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नव्हता म्हणून अर्धा तास थांबून तहकूब सभा घेतली, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. सगळं नियमात होतं. जिन्यात तासभर बोलणारं एकही माणूस त्या अर्ध्या तासात खाली आलं नव्हतं.

पुढच्या सभेसाठी मी लेखी विषय दिला, सात घरांत स्वतः जाऊन सांगितलं की या, नुसतं हो म्हणू नका, या. ठराव बदलला. पावसाआधीचे महिने गच्ची वाळवणाला खुली, मासळी दक्षिणेच्या कोपऱ्यात जाळीखाली, संध्याकाळी ज्याने घातलं त्याने जागा धुवायची. आजही तसंच चालतं. ज्यांना वास नको होता त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं, त्यांच्या खिडकीखालीच घालत होते लोक, आणि ते म्हणणं आम्हाला सभेत समोरासमोर ऐकल्यावरच कळलं.

म्हणून तू त्या यादीला घाबरू नको. यादी कोणी लिहिली, कुठल्या सभेत, किती जणांसमोर, ते विचार. नुसता कमिटीला वाटलं म्हणून लावलेला नियम आणि उपविधीतला, म्हणजे सोसायटीच्या मंजूर नियमावलीतला, नियम यात फरक असतो. आणि काही गोष्टी सोसायटीने मनात आणलं तरी तिला वाटेल तशा करता येत नाहीत. ट्रान्सफर प्रीमियमचंच बघ, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा 25 हजार आहे, नगरपरिषद आणि ग्रामपंचायतीत त्याहून कमी. "बिल्डिंग फंडाला देणगी" असं नाव देऊन कोणी जास्त मागितले तर देऊ नको, लेखी मागा असं सांग. पुढेमागे बदली झाली आणि फ्लॅट भाड्याने दिलास तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः रहात नाही म्हणून लावायचे पैसे, सेवा आकाराच्या 10 टक्क्यांपर्यंतच लावता येतं, हा सरकारचा आदेश 2001 सालचा आहे आणि तरी अजून लोक तिप्पट भरतात, का, तर कोणी विचारत नाही. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग, "बिल्डरने मला विकलंय" असं शेजारचा म्हणाला तर गप्प बसू नको, मोकळं आणि स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2010 सालीच सांगितलंय, ते सोसायटीचं असतं आणि त्याचं वाटप कुठे होतं? सभेत.

मेंटेनन्सचं तू तोट्यात लिहिलंयस. इथे मला थोडं चिडून लिहू दे. अडीच हजार जास्त वाटतात तुला, आणि बाजूच्या इमारतीत बाराशे आहे म्हणून ती चांगली वाटते. बाराशेवाली इमारत बघून ये जरा. आपल्याकडे खारी हवा आहे, जूनपासून चार महिने पाऊस भिंती सोडत नाही, सळी आतून गंजते, फुगते आणि काँक्रीटचा पोपडा घेऊन खाली येते. गच्चीवर पत्र्याची शेड नसेल तर वरच्या मजल्याचं छत ओलं झालंच म्हणून समज. उपविधीत सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी 0.75 टक्के सांगितलाय तो उगाच नाही. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. तुझी ती इमारत अठरा-वीस वर्षांची असेल. रिपोर्ट माग. नसेल तर का नाही ते विचार.

आणि फंड असणं म्हणजे काय ते चिपळूणने दाखवलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचे एक नातेवाईक तिथल्या सोसायटीत तळमजल्यावर होते. त्या रात्री ते चौघं वरच्या मजल्यावर ज्यांच्याकडे फक्त जिन्यात नमस्कार व्हायचा त्यांच्या हॉलमध्ये झोपले, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरचा भात खाल्ला. पाणी उतरल्यावर बघितलं तर पंपाची मोटर गेलेली, मीटरचं पॅनल चिखलाने भरलेलं. त्यांच्या खात्यात पैसे होते, खजिनदाराने लगेच माणूस लावला. पलीकडच्या इमारतीत वर्गणी काढायला सुरुवात झाली आणि निम्मे फ्लॅट बंद, मालक मुंबईला. तिथे अंधार बरेच दिवस राहिला. नंतर आमच्या नातेवाईकांच्या सोसायटीत पॅनल वर उचलायचा ठराव आला, वरच्या मजल्यावरचे पण हो म्हणाले, कारण ते सगळे सभेत होते आणि तळमजल्याने काय सोसलं ते त्यांनी डोळ्याने बघितलं होतं.

बंद फ्लॅटचं मात्र तोट्यात लिही, तो खरा तोटा आहे आणि तुझ्या पानावर नाहीये. आपल्याकडच्या इमारतीत चाकरमान्यांचे फ्लॅट भरपूर. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात येतात, बाकी वर्षभर कुलूप. माणसं वाईट नाहीत गं, पण थकबाकी राहते आणि सभेला संख्या होत नाही. मी एके वर्षी कमिटीला सांगून सभा गणपतीत घ्यायला लावली, गौरीविसर्जनानंतरच्या रविवारी, सकाळी. काहींनी नाकं मुरडली, सणात कसली सभा. पण त्या सभेला जेवढी माणसं आली तेवढी आधी कधी आली नव्हती. तसंही वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायचीच असते, नोटीस पूर्ण 14 दिवस आधी, मग गणपतीपेक्षा चांगली वेळ कुठली.

लोक मला हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. रंगकामाच्या ठरावाला एकट्याने विरोध केला म्हणून काही जण बरीच वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत. माझं म्हणणं एवढंच होतं की आधी गच्चीची शेड, भिंतींच्या भेगा, मग रंग. बहुमत रंगाच्या बाजूने गेलं, ठीक आहे, बहुमत आहे, मी पैसे पहिल्या आठवड्यात भरले. पण माझा विरोध कारणासकट इतिवृत्तात लिहून घेतला. दोन पावसाळ्यात रंग फुगून पडला. पुढच्या वेळी तोच विषय आला तेव्हा नव्या कमिटीने जुनी वही वाचली आणि शेडचं काम आधी घेतलं. मी हट्ट केला नसता तर वहीत काय असतं? "ठराव एकमताने मंजूर." मला अजूनही वाटतं मी बरोबर केलं, आणि परत तीच वेळ आली तर परत तेच करेन.

खंत एका गोष्टीची आहे. कन्व्हेअन्स. सोसायटी रजिस्टर झाल्यावर चार महिन्यात बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. आमच्याकडे झालं नाही. मूळ जमीनमालक आजोबा हयात होते, सही करायला तयार होते, मी प्रत्येक सभेत विषय काढायचो आणि प्रत्येक सभेत "पुढच्या वेळी बघू". आजोबा गेले. आता वारस ठाण्यात, पुण्यात, एक परदेशात. आता जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्यांच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करायचा, अर्ज करायचा, कागद जमवायचे, वाट बघायची. मार्ग आहे, बंद नाही, पण ज्या सहीसाठी त्यांच्या पडवीत चहा पिऊन काम झालं असतं त्यासाठी आता फाईल घेऊन फिरायला लागतंय. त्या सभांना अजून दहा माणसं बसली असती तर हे झालं नसतं. म्हणून तुला परत परत तेच सांगतोय, कंटाळलीस तरी चालेल.

भावाच्या प्लॉटिंगबद्दल. चित्रात गेट आहे, क्लबहाऊस आहे, समुद्र आहे. त्याला एवढंच विचार की आतला रस्ता, विहीर आणि गेटखालची जमीन कोणाच्या नावावर, दरवर्षीचा मेंटेनन्स कोण ठरवतो, आणि हिशोब कोणाला दाखवतो. सगळ्याला "कंपनी" हे उत्तर आलं तर तिथे तू पैसे देणारी आहेस, सभासद नाहीस. सभाच नाही तिथे. रस्ता वाहून गेला की कोणाच्या दारात जाणार? एखाद्या ठिकाणी प्लॉटधारकांची संस्था झालेली असेल, जागा तिच्या नावावर असेल, तर विचार कर, नाहीतर ते चित्र चित्रच राहू दे.

बाबांची वाडी मला आवडते. चिऱ्याचं घर, विहिरीचं पाणी, दारात माड, कोणाला नको. पण सातबारा सामाईक आहे ना अजून? मग आधी वाटप. तिथेही सभा असतेच, भाऊबंदांची, पण तिचं इतिवृत्त नसतं, आणि दहा वर्षांनी कोण काय बोललं होतं यावर कोर्टात जायला लागतं. शिवाय तू रोज कामाला रत्नागिरीत, पावसात रात्री त्या रस्त्याने एकटी येणार, हे मला पटत नाही. बाबांना वाईट वाटेल, त्यांना मी सांगतो.

आणि एक, तू बाई आहेस, एकटी फ्लॅट घेतेयस, तर कमिटी तुला "तुमचे वडील आले तर बोलू" असं म्हणायचा प्रयत्न करेल. करू देऊ नको. सभासद तू आहेस, शेअर सर्टिफिकेटवर नाव तुझं. कमिटीत महिलांच्या राखीव जागा असतात, त्यावर बऱ्याच ठिकाणी नुसत्या सहीपुरत्या बायका बसवतात. तू एक-दोन वर्षांनी उभी रहा. ग्रुपवर लिहिलं म्हणजे बोललीस असं समजू नको, ग्रुपवरचं कोणी वहीत लिहीत नाही. सभेत हात वर करायचा, नाव सांगायचं, आणि "हे लिहून घ्या" म्हणायचं. पहिल्यांदा आवाज कापेल. कापू दे.

शेजाराचं तू फायद्यात लिहिलंयस ते शंभर टक्के खरं. शिमग्यात पालखी आमच्या आवारात येते तेव्हा सभेत तावातावाने भांडलेली माणसं शेजारी शेजारी उभी राहून खांदा देतात. मी आजारी होतो तेव्हा रात्री दवाखान्यात नेणारा तोच होता ज्याच्याशी पार्किंगवरून माझं सगळ्यात जास्त वाजलं होतं.

आता काम. टोकन दिलंयस, पुढचा एक रुपया देऊ नको जोवर हे बघत नाहीस: इमारत सोसायटी म्हणून रजिस्टर आहे की 1970 च्या कायद्याखालची अपार्टमेंट, कारण अपार्टमेंटमध्ये मत हिश्श्याप्रमाणे असतं आणि सोसायटीत एका सभासदाला एक. कन्व्हेअन्स झालंय का. विकणाऱ्याची थकबाकी नाही असं लेखी. शेवटचा ऑडिट रिपोर्ट, आणि गेल्या तीन वार्षिक सभांचं इतिवृत्त. तू अजून सभासद नाहीस, त्यामुळे हे विकणाऱ्याला मागायला लाव, सभासदाला कायद्याने वही बघायचा हक्क आहे. हजेरीच्या सह्या मोज. चाळीस फ्लॅट आणि सहा सह्या असतील तर किंमत कमी करून माग किंवा दुसरी इमारत बघ. फोटो काढून रविवारच्या आत मला पाठव, सोमवारी तुला बँकेत जायचंय.

तुझा,
काका