‘आई, मी मोबाईल बघत नाहीये, अभ्यास करतेय!’

(माध्यमिक शाळेत 22 वर्षं माध्यम अभ्यास शिकवून निवृत्त झालेल्या बाई या वेळी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीत आहे. तिने माध्यम अभ्यास हा विषय घेतलाय. रोज संध्याकाळी मोबाईलवर जाहिराती बघत बसते आणि टोकलं की म्हणते, ‘अगं आई, हाच माझा गृहपाठ आहे.’ खरंही असेल. पण मी जन्मभर हिशेबाचं काम केलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तिने लिहिलेलं वाचून दाखवलं की मी ‘छान’ म्हणते आणि विषय तिथेच संपतो. मी तिला मदत कशी करू?

उत्तर : आधी ते ‘छान’ बंद करा. ते ऐकलं की मूल वही मिटतं.

आणि हिशेबाचं काम केलंय म्हणता, मग निम्मा विषय तुम्हाला येतोच. व्हाउचर असल्याशिवाय तुम्ही नोंद मान्य करत नव्हतात ना? मुलीच्या प्रत्येक वाक्याला तेवढंच विचारा : याचं व्हाउचर कुठंय?

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. एका मुलीने मासिकाच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं, ‘ही स्त्री आत्मविश्वासू आणि पॉवरफुल वाटते.’ मी विचारलं, कशावरून? ‘वाटतेच की, बाई.’ मी तिला वहीच्या पानावर उभी रेघ मारायला लावली. डावीकडे ‘दिसतं’, उजवीकडे ‘वाटतं’. डावीकडे फक्त बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच लिहायचं. पाच मिनिटं ती नुसतीच पेन चावत बसली. मग एकेक ओळ उतरू लागली. हनुवटी किंचित वर. हनुवटीची खालची बाजू दिसते, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली. नजर थेट आपल्याकडे. ओठ मिटलेले. अंगावर एकही दागिना नाही. आणि शेवटी एक गोष्ट, जी माझ्याही नजरेतून सुटली होती : तिच्या केसांनी मासिकाच्या नावातली दोन अक्षरं झाकली होती.

‘बाई, हे चुकून झालं असेल ना?’

चुकून कसं होईल? मुखपृष्ठ छापायला जाण्याआधी चार जणांच्या नजरेखालून जातं. स्वतःचं नाव झाकायची हिंमत तेच मासिक करतं, ज्याला खात्री असते की अर्धं नाव दिसलं तरी वाचक ओळखणार. काल सुरू झालेलं मासिक असं करणार नाही. एवढं लक्षात आल्यावर उजवीकडचा ‘पॉवरफुल’ तिने स्वतःच खोडला आणि लिहिलं, ‘मासिकाने तिला स्वतःच्या नावापेक्षा पुढे उभं केलंय.’ आता हे वाक्य खोडून दाखवा!

पुस्तकात याला डिनोटेशन आणि कनोटेशन म्हणतात. शब्द ऐकून दचकू नका. व्याकरणाच्या तासाला शब्दशक्ती शिकला असाल : अभिधा, लक्षणा, व्यंजना. ‘दिवस मावळला’ हे एकच वाक्य. खेळणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ ‘घरी चल’, तर वाट बघणाऱ्या माणसाला ‘अजून कसा आला नाही?’. पहिला रकाना वाच्यार्थाचा, दुसरा ध्वनित अर्थाचा. आपल्याकडचे जुने काव्यशास्त्री हे शब्दांबद्दल बोलत होते, हा विषय तेच चित्रांबद्दल बोलतो. दोन्ही तंतोतंत एक नाहीत, पण सुरुवातीला पुरतं.

रोज संध्याकाळी करण्यासारखा आणखी एक उद्योग. वर्तमानपत्रातला एखादा फोटो घ्या, खालची ओळ कागदाने झाका आणि दोघींनी वेगवेगळ्या ओळी लिहा. एकीने फोटोतल्या माणसाची कीव येईल अशी, दुसरीने त्याचा राग येईल अशी. मग खरी ओळ उघडा. रोलाँ बार्थ या फ्रेंच अभ्यासकाने 1964 साली पास्त्याच्या एका जाहिरातीवर लिहिताना याला नांगर टाकणं म्हटलं. चित्राचे अर्थ इकडे तिकडे तरंगत असतात, शब्द त्यांना एका जागी बांधून ठेवतात. तुम्ही लिहिलेल्या ओळीने मुलीला त्या माणसाचा खरोखर राग आला, की तिला नांगर वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आणि हो, मोबाईलचं. एका संध्याकाळी एकच जाहिरात, पण दहा वेळा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. वीस जाहिराती एकेकदा बघितल्या तर तो अभ्यास नाही, तुमचा संशय खरा आहे.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. थिअरी पाठ आहे, पण पेपरात मार्क येत नाहीत. हॉल, प्रॉप, मल्व्ही सगळे लिहिले तरी सर म्हणतात, ‘नावं चिकटवलीयस.’

उत्तर : सर बरोबर म्हणतात रे. लग्नपत्रिकेत नातेवाइकांची नावं छापतात तशी तू अभ्यासकांची नावं छापतोस. नाव सगळ्यात शेवटी आलं पाहिजे.

स्टुअर्ट हॉल हा माध्यमांचा अभ्यासक घे. 1973 साली त्याने मांडलं की कार्यक्रम बनवणारा त्यात एक अर्थ भरतो, पण बघणारा तोच अर्थ काढेल याची हमी नाही. काही जण भरलेला अर्थ तसाच घेतात, काही थोडा घेतात थोडा सोडतात, काही साफ उलटा वाचतात. आता घरात बस आणि कपडे धुवायच्या पावडरीची जाहिरात सगळ्यांबरोबर बघ. डाग गेला, जाहिरातीतली आई हसली. घरातलं एक माणूस म्हणेल, पावडर चांगली दिसते. दुसरं म्हणेल, पावडर असेल चांगली, पण कपडे नेहमी आईनेच का धुवायचे? तिसरं म्हणेल, आईला मोलकरीण दाखवायचे धंदे आहेत हे, बंद करा ते. कोण काय म्हणालं ते शब्दशः टिपून ठेव. उत्तरात आधी ती तीन वाक्यं, मग त्यांच्यातला फरक आणि मग हॉल. परीक्षकाला तुझं घर दिसेल आणि हॉलही दिसेल.

प्रॉपचं मात्र जपून. व्लादिमीर प्रॉप या रशियन लोककथा-अभ्यासकाने 1928 साली रशियन परीकथा तपासल्या आणि त्यांत 31 प्रकारच्या घटना आणि सात प्रकारच्या भूमिका आढळतात असं मांडलं. परीकथा, बरं का. मुलं हवामानाच्या बातमीतसुद्धा नायक आणि खलनायक शोधतात! माझ्या एका विद्यार्थ्याने टूथपेस्टच्या जाहिरातीत किडीला खलनायक केलं, ते ठीक बसलं. पण पुढे त्याने दंतवैद्याला ‘राजकन्येचा पिता’ करून टाकलं. मी समासात लिहिलं, ‘राजकन्या कोण? दाढ?’ थिअरी बसत नसेल तर ‘इथे बसत नाही, कारण…’ असं बिनधास्त लिही. पेपर तपासताना अशा वाक्यापाशी माझा लाल पेन थांबायचा आणि मार्क वाढायचे.

मल्व्हीचंही तेच. लॉरा मल्व्ही या चित्रपट-अभ्यासिकेच्या 1975च्या लेखात प्रश्न चित्रपटातल्या कॅमेऱ्याच्या नजरेचा आहे, म्हणजे तो बाईकडे पुरुषाच्या नजरेने कसा बघतो याचा. फोटोत बाई दिसली की मल्व्ही, असं नाही. त्या शॉटच्या आधी कुणाचे डोळे दाखवलेत ते बघ. तेच तुझं व्हाउचर. (हा शब्द कुठून आला ते वरच्या उत्तरात वाच.)

प्रश्न : मुलाच्या गटाला तीन मिनिटांची फिल्म करायची आहे. गटात चौघं, पण काम हा एकटाच करतो. मला एडिटिंग येतं, घरी चांगला कॉम्प्युटर आहे. शेवटचा हात मी फिरवला तर चालेल का?

उत्तर : नाही. हे मी कुणाला शिकवायचं म्हणून सांगत नाही, मी स्वतः ते केलंय. एक वर्ष एका मुलीची फिल्म जमा करायच्या आदल्या संध्याकाळी अडखळत होती, आणि मी मेहेरबानी म्हणून सहा-सात कट सरळ करून दिले. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी नेमका त्यातलाच एक थांबवला आणि विचारलं, ‘इथे दाराचा आवाज दार दिसायच्या आधी का येतो?’ तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. कट उत्तम होता. मार्क गेले.

तुम्ही माऊसला हात न लावता बरंच करू शकता. एक म्हणजे प्रेक्षक व्हा, पण एकदाच. कच्ची फिल्म न थांबवता पूर्ण बघा आणि तुम्हाला काय कळलं ते सांगा. काय चुकलं ते नको. ‘मला वाटलं ती दोघं भावंडं आहेत’ एवढं बोललात आणि ती भावंडं नसली, तर पुढचं तो बघून घेईल.

दुसरं, फायली. दर वर्षी निदान एक मूल पेन ड्राइव्हवर फक्त एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल घेऊन येतं. ती उघडली की सगळा पडदा लाल, ‘मीडिया ऑफलाइन’. कारण त्या फाइलमध्ये कुठला तुकडा कुठे लावायचा एवढीच यादी असते, खरं फुटेज घरच्या कॉम्प्युटरवर बसलेलं. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी एक फोल्डर करायला लावा, सगळं त्यातच. त्याच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

तिसरं, आवाज. शूटिंग संपलं की सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा. रिकाम्या खोलीलाही पंख्याची घरघर असते, आणि संवाद कापला की ती तुटलेली पटकन कानाला टोचते. हा तुकडा खाली अंथरला की सांधे झाकले जातात. मुलं हे विसरतात म्हणजे विसरतातच. तुम्ही फोनवर आठवण करा.

उरलेले तिघं काम करत नाहीत, ते बहुतेक वेळा त्यांना काम नेमून दिलेलं नसतं म्हणून. कॅमेरा, आवाज, कागदपत्रं, एडिटिंग अशी नावानिशी वाटणी करून प्रत्येकाची सही घ्या. तरी नाहीच केलं तर तो कागद शिक्षकांना दाखवा.

प्रश्न : आमच्या फिल्मला नेटवरचं गाणं लावलं आणि शेवटी गायकाचं नाव दिलं, तर चालतं ना?

उत्तर : नाव देणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर आधीच वापरायला दिलेलं, संगीत शोधा, पण त्यातही परवान्याची अक्षरं वाचा. ‘बाय’ असेल तर श्रेय द्यायचं. ‘एनडी’ (म्हणजे बदल करायचा नाही) असेल तर हात लावायचा नाही, कारण संगीत दृश्यांबरोबर जुळवणं हाच त्या परवान्यात बदल धरला जातो. नाहीतर डबे वाजवा. माझ्या एका गटाने कंपासपेटीवर केलेलं पार्श्वसंगीत अजून माझ्या डोक्यात आहे.

प्रश्न : यंदा हा विषय पहिल्यांदाच शिकवतेय. शाळेत कॅमेरा नाही, एडिटिंगची सोय नाही. सुरुवात कशी करू?

उत्तर : कॅमेऱ्याशिवायच करा. रशियन क्रांतीनंतर कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, तेव्हा लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाच्या कार्यशाळेतले विद्यार्थी फिल्म नसलेल्या फिल्म करायचे, म्हणजे नुसते प्रसंग बसवायचे. त्याचाच तो नावाजलेला प्रयोग : एका नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याच्या शेजारी आळीपाळीने सूपचा वाडगा, शवपेटी आणि एक स्त्री. चेहरा तोच, पण बघणाऱ्यांना कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी अभिलाषा.

तुमच्या फोनवर हे एका तासात होतं. एका विद्यार्थ्याच्या चेहऱ्याचा फोटो काढा, त्याची आणि घरच्यांची परवानगी घेऊन. अडचण एकच, चेहरा निर्विकार ठेवता येत नाही, मुलं अभिनय करतात. मी त्यांना मनातल्या मनात 29चा पाढा म्हणायला लावायचे. साताच्या आसपास चेहरा कसा अगदी कोरा होतो, तेव्हा क्लिक करा. मग वर्गाचे दोन भाग. एका गटाला चेहऱ्यानंतर फाटलेली प्रश्नपत्रिका दाखवा, दुसऱ्याला रिकामा झोका. ‘हा मुलगा काय विचार करतोय?’ एका ओळीत लिहायचं, आणि मग दोन्हीकडच्या ओळी मोठ्याने वाचायच्या. ज्याचा चेहरा आहे त्याला सगळ्यात शेवटी विचारा, तू खरा काय विचार करत होतास?

फक्त पहिला गट बघत असताना दुसऱ्याला व्हरांड्यात पाठवलंत, तर दार नीट लावून घ्या. मुलं फटीतून बघतात.