नीटच्या क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट होते, पण मार्क ४५० च्या पुढे सरकत नाहीत. काय करू?

बहुतेकदा अभ्यास कमी पडत नाही, टेस्टनंतरची संध्याकाळ वाया जाते. रँकची यादी बघून मुलं खचतात आणि पेपर तसाच बाजूला पडतो. त्याच दिवशी चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा, पुढे कारण लिहा: संकल्पना कच्ची, आकडेमोड चुकली, की अंदाजाने गोल भरला. आकडेमोडीची चूक सगळ्यात महाग. येणाऱ्या प्रश्नाचे ४ जातात, वर उणे १, म्हणजे ५ चा फटका. अशा दहा चुका म्हणजे ५० मार्क!

वेळ १८० मिनिटं, प्रश्न १८०. बायोलॉजीचे ९० प्रश्न ५० मिनिटांत, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५. उरलेली १५ सोडून दिलेल्या प्रश्नांना. ओएमआरचे, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे, गोल पानागणिक भरा. शेवटी एकदम भरायला घेतले की एखादा नंबर सुटतो आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात.

आणखी एक, हे फार जण विसरतात: खरी परीक्षा दुपारी २ ते ५ असते. मेसमध्ये जेवून आडवं व्हायची सवय असेल तर शेवटचे दोन महिने ती मोडाच, त्या वेळेत फिजिक्सची गणितं घ्या.