डोळ्यातली नैसर्गिक लेन्स जागेवरून सरकली म्हणून ऑपरेशन झाल्यावर मुलाचा डोळा वाढायचा थांबतो का? नजर नीट येते का?

नाही, थांबत नाही. जन्मतः डोळ्याची लांबी साधारण १७ मिमी असते, मोठेपणी २३-२४ होते, आणि यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांतच होऊन जाते, पण नंतरही हळूहळू चालूच राहते. म्हणूनच आत कृत्रिम लेन्स बसवली असेल तर तिचा नंबर तोच राहतो आणि डोळा मात्र लांबत जातो, मग मायनस नंबर चढतो. चष्मा बदलला म्हणजे ऑपरेशन फसलं असं अजिबात समजू नका!

नजरेचं खरं काम ऑपरेशननंतरच सुरू होतं. लेन्स तिरकी असताना मेंदूला बरीच वर्षं धूसर चित्रच मिळालेलं असतं, त्यामुळे डोळा आळशी झालेला असू शकतो, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावायचं. मूल रडतं, पट्टी ओढून काढतं, तरी डॉक्टरांनी सांगितलेले तास पूर्ण कराच, लहान वयातच याचा फायदा जास्त होतो. आणि जवळचं वाचायला वेगळा नंबर लागतोच, कारण नैसर्गिक लेन्ससारखा फोकस बदलणं कृत्रिम लेन्सला जमत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका, लेन्स सरकण्यामागे बऱ्याचदा मार्फन सिंड्रोम (जोडऊतींचा जन्मजात आजार, यात हृदयावरही परिणाम होऊ शकतो) असतो, तर हृदयाची इको म्हणजे सोनोग्राफी करून घेतली नसेल तर घ्या. डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणीही नियमित हवी. मुलाला अचानक काळे ठिपके, चमक किंवा नजरेसमोर पडदा आल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.